चौथी 'ब'चा पहिला कायदा

५ जुलै

प्रिय आत्या,

पाकीट फोडून तू चष्मा शोधायला उठली असशील, तर तो तुझ्या डोक्यावर आहे. बस आणि वाच. आधी फोनच केला होता. मी म्हटलं, मला नोकरी लागली, आणि तू विचारलंस, कुणाची टोपली सांडली? तेव्हाच ठरवलं की यापुढे तुझ्याशी कागदावरच बोलायचं.

तर टोपली कुणाची सांडलेली नाही. मी शिक्षिका झाले आहे. चौथी 'ब', एकतीस मुलं, एक पंखा आणि एक खिडकी, तिचीही कडी तुटलेली. वर्षभर माझ्यावर मोठ्या बाईंची नजर असणार आणि मग मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते त्या ठरवणार. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या चपलांचा आवाज होत नाही, म्हणून सगळी शाळा सतत कान टवकारून असते.

गाडी अडली आहे ती नागरिकशास्त्रात. पहिलाच धडा, शासनाची तीन अंगं. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते अमलात आणतं, न्यायमंडळ न्याय देतं. पुस्तकात एक झाड आहे आणि त्याला तीन फांद्या. मुलांनी दोन दिवसांत घोकून टाकलं. मग मी विचारलं, सरकार म्हणजे काय? एक म्हणाला, रस्ता खणतं ते. एक म्हणाली, सरकार वर असतं. कुठे वर, तर तिने पंख्याकडे बोट दाखवलं. वर्गात एक मुलगा आहे, दर पाच मिनिटांनी किती वाजले विचारतो, म्हणून त्याला सगळे घड्याळ म्हणतात. त्याने विचारलं, तीन तीन मंडळं कशाला हवीत, एकच हुशार माणूस सगळं करील की. मी म्हटलं, परीक्षेत येतं म्हणून. घरी येताना रस्ताभर स्वतःची लाज वाटत होती.

तू बत्तीस वर्षं कोर्टात न्यायाधीशांच्या शेजारी बसून टाइप केलंस. नऊ वर्षांच्या पोरांना हे कसं सांगू, तूच सांग.

बाबा मजेत. निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकेका स्टुलाचे पाय सारखे करत सुटलेत. तुला नमस्कार सांगितलाय.

तुझी
खारूताई


१२ जुलै

प्रिय खारूताई,

चष्मा डोक्यावरच होता. फार शहाणी झाली आहेस.

नोकरीचं वाचून आनंद झाला. तुझी आई गेल्यावर मी तुझ्या वेण्या घालायचे तेव्हा तू माझ्यासमोर बसून बाहुल्यांना शिकवायचीस आणि त्यांना सारखी दटावायचीस. या एकतीस जणांना कमी दटाव.

आता त्या घड्याळच्या प्रश्नाचं. चांगल्या चांगल्या वकिलांना तो पडत नाही, म्हणून त्या मुलाला आधी शाबासकी दे. आमच्या साहेबांपाशी मी एकवीस वर्षं काम केलं. सरळ आणि अतिशय हुशार माणूस. एकदा त्यांनी एकाला दोषी ठरवलं आणि वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. वरून चौदा पानं आली. साहेबांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. चूक नवव्या पानावर होती. एक साक्षीदार धडधडीत खोटं बोलला होता आणि ते साहेबांना कळलं नव्हतं. शेजारी बसून त्याचा शब्द न शब्द उतरवणाऱ्या मलाही कळलं नव्हतं. वाचून झालं तरी साहेब पेनाचं टोपण लावत-काढत बसून होते. मग म्हणाले, "बरं झालं बाई, माझ्यावर कुणीतरी आहे."

तुझ्या घड्याळला हे सांग. एकच हुशार माणूस सगळं करायला लागला, तर तो चुकला हे त्याला सांगणार कोण?

आणि ते झाड पुसून टाक. मुलं कशावरून भांडतात ते बघ आणि त्यावर त्यांनाच कायदा करू दे. कायदा करणारे वेगळे, तो पाळला जातो का ते बघणारे वेगळे, न्याय करणारे वेगळे. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, तुझ्यासाठी तर फारच.

बाबांनी नमस्कार सांगितला असं लिहिलंस. बत्तीस वर्षं साक्षी टाइप केल्यात मी, खोट्या साक्षीला एक वेगळाच वास येतो. ज्याने सात वर्षांत मला एक शब्द विचारला नाही तो तुझ्या हाती नमस्कार धाडेल होय? तरी पुढच्या पत्रातही लिहिलास तर चालेल.

तुझी
आत्या


२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

झाड पुसलं. आता आमच्याकडे खरोखरची तीन मंडळं आहेत.

भांडण शोधावं लागलंच नाही. एका मुलीचा खाऊचा डबा रिकामा सापडला आणि सगळ्यांनी घड्याळवर आळ घेतला, कारण त्याच्या तोंडाला काहीतरी लागलेलं होतं. दोन दिवस त्याला कुणी खेळायला घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेत येऊन सांगून गेली की डब्यात खाऊ भरायलाच ती विसरली होती. घड्याळ बिचारा रडलाही नाही. एवढंच म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही.

त्यावरच कायदा झाला. कायदेमंडळात चिठ्ठ्या टाकून निवडलेली नऊ जणं आहेत. दोन तास त्यांनी अशी काही हुज्जत घातली की मी ओठ दाबून कपाटाला टेकून उभी होते. शेवटी हे लिहिलं गेलं: कोणालाही शिक्षा करायच्या आधी, काय झालं ते त्यालाच विचारायचं. मग एकीने हात वर केला, 'कोणालाही'मध्ये कोण कोण येतं? आणि विचारायचं कुणी? बाईंनासुद्धा हा कायदा लागू आहे का? मी मोठ्या ऐटीत हो म्हणून सांगितलं.

कार्यकारी मंडळात चौघं आहेत, घड्याळ त्यांचा मुख्य. न्यायमंडळात तिघं, आणि त्यांच्या मधोमध बसते शिंप्याची मुलगी. ती काहीही बोलायच्या आधी समोरच्याकडे अशी बघते की जणू माप घेतेय. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला तक्रारी ऐकतात.

सगळंच काही छान चाललेलं नाही. मुलांनी पंधरा दिवस खपून कागदाच्या लगद्याची पृथ्वी केली होती, मोठ्या घागरीएवढी. काल सकाळी ती खाली पडलेली, एका बाजूने पार चेपलेली, आणि शेजारी एक मुलगी कोपरापर्यंत निळे हात घेऊन बसलेली. हिला आम्ही शाई म्हणतो, कारण बोटं नेहमी शाईने भरलेली असतात आणि तोंडातून शब्द म्हणून निघत नाही. त्याच दुपारी मोठ्या बाई वर्ग बघायला येणार होत्या. मी तिला महिनाभर चित्रकलेच्या आणि तक्रारींच्या तासाला बाहेर स्टुलावर बसायला सांगितलं. शिस्त नको का?

एक विचारू? तुझं आणि बाबांचं काय बिनसलं ते मला आजवर कुणी धड सांगितलं नाही. आजी गेली तेव्हा मी परीक्षेसाठी परगावी होते. बाबांना विचारलं की ते म्हणतात, मला वेळेवर कळलं नाही, आणि हातोडी शोधायला लागतात.

त्यांनी नमस्कार सांगितलाय. (चालेल म्हणाली होतीस.)

तुझी
खारूताई


९ ऑगस्ट

प्रिय खारूताई,

तुझ्या कायदेमंडळाचं पत्र शेजारणीलाही वाचून दाखवलं. 'विचारायचं कुणी' असा प्रश्न काढणारी मुलगी पुढेमागे कुणाला तरी घाम फोडणार.

त्या शाईचं मनाला लावून घेऊ नकोस. शिस्त हवीच. हात निळे होते म्हणजे झालं. दरवेळी बसून पंचाईत करायला कुणाला वेळ असतो? घर असो की वर्ग, कधी कधी एकीलाच ठरवून मोकळं व्हावं लागतं, आणि मग लोक काय म्हणतात ते ऐकायचं नसतं. मला तर आता तसंही ऐकू येत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. तुझी आजी आजारी पडली तेव्हा तुझे बाबा दूर डोंगरात पुलाच्या कामावर होते. आईनेच सांगितलं, त्याला कळवू नको, त्याचं काम अर्धवट राहील. मी तिचं ऐकलं. तो पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी त्याला सांगितलं, आईनेच नको म्हटलं. तो काही बोलला नाही, आणि त्यानंतर कधीच बोलला नाही. झालं ते एवढंच. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

खिडकीची कडी दुरुस्त करून घे. वाऱ्याचे दिवस आहेत.

तुझी
आत्या


२१ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्याच शुक्रवारी माझ्यावर खटला झाला. हसू नकोस. खरंच झाला.

शाईच्या बाकावर बसणारी मुलगी समास आखलेल्या कागदावर तक्रार लिहून घेऊन आली. बाईंनी पहिला कायदा मोडला, एवढं एकच वाक्य. शिंप्याच्या मुलीने ते वाचलं, शेजारच्या दोघांना दाखवलं आणि मला म्हणाली, बाई, तुम्ही इथे येऊन उभ्या राहा.

मी हसणारच होते. तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं, तर मोठ्या बाई उभ्या. कधी आल्या देव जाणे. आत्या, त्या क्षणी मला हे सगळं एका वाक्यात मोडता आलं असतं. चला, खेळ पुरे, पुस्तकं काढा. माझी नोकरी ज्यांच्या हातात त्या समोर बघत होत्या आणि मला तेच म्हणावंसं वाटत होतं. पण एकतीस जणं माझ्याकडे बघत होती, आणि त्यातली एक तर दाराबाहेर स्टुलावरून मान वळवून. मी जाऊन उभी राहिले.

आधी घड्याळची साक्ष झाली. तो म्हणाला, स्टूल बाहेर मीच ठेवलं, कारण ते माझं काम आहे, पण ठेवताना मी बाईंना विचारलं होतं की तुम्ही तिला विचारलंत का. बाई म्हणाल्या, ठेव स्टूल. हे खरं होतं. मी ते विसरूनही गेले होते.

मग शिंप्याच्या मुलीने मला विचारलं, "तुम्ही तिला विचारलं होतं?"

"नाही."

"का नाही?"

मी सांगितलं की घाई होती, मोठ्या बाई यायच्या होत्या, आणि तिचे हात निळे होते. ती माझ्याकडे माप घेतल्यासारखी बघत राहिली. तिघं कपाटाच्या आडोशाला जाऊन कुजबुजली. मी ओळखते या मुलांना, म्हणून मनाशी धरून चालले होते की आता मला उठाबशा तरी काढायला लावतील. ती परत आली आणि म्हणाली, "शिक्षा रद्द. आणि बाईंनी तिला आता विचारायचं. ती बोलेपर्यंत थांबायचं."

शाईला आत आणलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, काय झालं होतं गं? ती काही बोलेना. वर्गात पंख्याचाच काय तो आवाज. चार मिनिटं झाली, असं घड्याळ नंतर सांगत होता. मला ती तासभर वाटली. आणि मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. तिची आई कामावर जाताना तिला शाळा उघडायच्या आधीच सोडून जाते. ती वर्गात एकटी होती. खिडकी धाडकन उघडली, वारा आत शिरला आणि पृथ्वी टेबलावरून गडगडत खाली आली. खालच्या भोकातून हात घालून ती आतून चेपलेलं वर ढकलत होती. पृथ्वी कवेत धरली होती आणि रंग अजून ओला होता. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर झालं असतं, म्हणाली. मग मी आले.

खिडकीची कडी दुरुस्त करायची म्हणून मी जूनपासून वहीत लिहून ठेवलंय. आदल्या संध्याकाळी मीच त्या फटीत कागदाची घडी कोंबून घरी गेले होते. चूक कुणाची होती ते तूच ठरव.

सुट्टी झाल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. मुलांसमोर असं उभं राहून शिक्षकाचा मान राहतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मलाही तीच भीती होती. मग त्यांनी विचारलं, आणि ती मुलगी आधी कधी एवढं बोलली होती? मी म्हटलं, नाही, जूनपासून तिचा आवाजच मी ऐकला नव्हता. सोमवारी त्या येऊन पूर्ण तास शेवटच्या बाकावर बसल्या, गुडघे मावत नव्हते तरी. जाताना म्हणाल्या, चालू ठेवा, पण माझ्या खोलीला तुमचे कायदे लागू नाहीत. कायदेमंडळातल्या एकीने लगेच हात वर केला. तिला मीच खाली बसवलं. एका आठवड्यात एवढं धैर्य पुरे. मंगळवारी सुतार येऊन कडी बसवून गेला.

मला अजून वाईट वाटतंय, पण बरंही वाटतंय. तू लिहिलं होतंस, शाईचं मनाला लावून घेऊ नकोस. तेवढं मात्र तुझं चुकलं, आत्या.

तुझी
खारूताई


१८ सप्टेंबर

आत्या,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. माझ्या शेवटच्या वाक्याचा राग आला का? शेजारणीला फोन केला तर म्हणाली, तब्येत ठणठणीत आहे, माझ्याकडून पाकिटं मागवली, एक नाही, दहा. मग ती कुठे जातात? आम्हाला तर एकही आलं नाही. दोन ओळी लिही, नाहीतर मी येऊन दार ठोठावीन आणि तुला ते ऐकू येणार नाही.

खारूताई


३० सप्टेंबर

प्रिय खारूताई,

राग आला नाही. पाकिटांपैकी नऊ लिहून झाली, पण न टाकता खणात आहेत, हे दहावं.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, आईनेच त्याला कळवू नको म्हटलं. ते खोटं आहे. सात वर्षांत ते वाक्य मी इतक्यांना आणि इतक्या वेळा सांगितलं की सांगताना आता जीभ अडखळतही नाही. तुझ्या शिंप्याच्या मुलीने तुला साधा प्रश्न विचारला आणि तू 'नाही' म्हणालीस. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. मलाही कुणी असं समोर उभं करून विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं?

म्हणून आता नीट लिहिते. आई शेवटचे चार दिवस माझ्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर होती. तुझे बाबा, आमचा बाळ्या, ज्या पुलावर होता तिथल्या ऑफिसचा नंबर माझ्या वहीत पहिल्याच पानावर होता. सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं की आता कळवायचं त्यांना कळवा. त्याच वेळी फोन केला असता तर मंगळवारी दुपारपर्यंत तो आईजवळ असता. मी केला नाही. आईने त्याच्याबद्दल दोनदा विचारलं. मंगळवारी सकाळी एकदा, आणि बुधवारी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा. दोन्ही वेळा मी सांगितलं, निघालाय, येईलच. गुरुवारी दुपारी ती गेली. त्यानंतर मी फोन केला.

का, ते विचारशील. नऊ वर्षं मी तिचं सगळं केलं. औषधं, पथ्य, अंघोळ, कोर्टातून धावतपळत घरी येणं. तो सहा महिन्यांनी यायचा, दोन दिवस राहायचा, आणि त्या दोन दिवसांत आई माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. तो तिला हसवायचा. मला कुणाला हसवता येत नाही, मला वेळा पाळता येतात. शेवटचे चार दिवस तरी ती माझी एकटीची असावी, असं मला वाटलं. याहून मोठं कारण काही नाही. मी पुष्कळ शोधलं.

ठरवलं मी, केलं मी, आणि बरोबरच केलं असा निकालही मीच दिला. तुला पत्रातून अक्कल शिकवताना हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं होतं. म्हणूनच शाईच्या बाबतीत तुझी बाजू घेतली.

हे पत्र त्याला दे. फोडलेलं आहे तसंच दे. माझ्या वतीने एक अक्षर बोलू नकोस, ती थकली आहे, म्हातारी झाली आहे, असलं काही नको. तो पूर्वीसारखाच गप्प राहिला तर मला तसं कळव. तेवढं मला सोसेल.

शाईला माझा आशीर्वाद सांग.

तुझी
आत्या


६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पत्र दिलं. माझ्या वतीनेही काही बोलले नाही.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, ती सांगते. तुझी सगळीच पत्रं बाबा वाचत होते. मी मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवून शाळेत जायचे. परत आले की घडी वेगळी असायची. तुझ्या साहेबांचं पत्र तर दोन दिवस त्यांच्या चष्म्याच्या घरात होतं.

हे पत्र त्यांनी दाराजवळ उभ्या उभ्याच वाचलं. मग अंगणात गेले आणि उलट्या केलेल्या स्टुलासमोर बसले. हातात कानस होती, पण ती चाललेली दिसली नाही. मी दोनदा जेवायला बोलावलं. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. मला भीती वाटली की मी हे सगळं उकरून काढायला नको होतं.

आज सकाळी त्यांनी विचारलं, पाकिटं कुठे असतात. दिलं. काय लिहितायत ते मला दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. चिकटवून स्वतः टाकायला गेले. या वेळी नमस्कार सांगितलेला नाही, आत्या. खरं तेच लिहितेय.

तू केलंस ते वाचून मला रडू आलं. कुणासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तू माझ्या वेण्या घालायचीस तेव्हा एकही केस ओढला जायचा नाही, तेही खरं आहे.

तुझी
खारूताई


६ ऑक्टोबर

ताई,

पत्र वाचलं. दोन दिवस फार राग आला. तो कागदावर उतरवत नाही. समोर आल्यावर दिसेल तेवढा बघ.

मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर कामावरचे रिपोर्ट लिहिले, किती सिमेंट लागलं आणि किती माणसं आली. म्हणून सरळच लिहितो.

तुला वाटत असेल, मी तुझ्यावर चिडून बोलणं टाकलं. तसं नव्हतं. तू सांगितलंस की आईनेच नको म्हटलं, आणि ते मला पटलं. मी सहा महिन्यांनी येणारा मुलगा. येऊन चार विनोद करायचे आणि जायचं. शेवटच्या वेळी माणसाला कोण हवं नि कोण नको ते कळत असणार, आणि तिला मी नको झालो असणार. हे मी सात वर्षं खरं धरून चाललो. तुझ्याकडे यायचं म्हणजे ती खोली आणि तो पलंग, आणि मी तिला नको होतो हे ठाऊक असलेली तू. म्हणून आलो नाही. तिचं सगळं तू केलंस आणि मी काहीच केलं नाही, तर कोणत्या तोंडाने यायचं, हेही होतंच.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे, आईने त्याच्याबद्दल दोनदा विचारलं. ती मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

मंगळवारी ती काय म्हणाली? आणि बुधवारी? माझं नाव घेतलं की 'तो' म्हणाली? आवाज कसा होता, वैतागलेला की नेहमीसारखा? तू निघालाय म्हणालीस तेव्हा तिने मान हलवली की आणखी काही बोलली? तुला शब्द न शब्द आठवत असणार, जन्मभर तेच काम केलंस. मला ते सगळं हवं आहे. त्यातलं काही गाळू नकोस, मला बरं वाटावं म्हणून काही घालूही नकोस.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. अकरापर्यंत पोहोचेन. तुला कमी ऐकू येतं असं कळलं. त्याची काळजी करू नकोस, नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसांशी बोलण्यात माझी तीस वर्षं गेली.

मी आल्या आल्या सांगायला लागू नकोस. आधी मला त्या खिडकीपाशी थोडं बसू दे. मग सांग.

तुझा धाकटा